सोयाबीनची पेरणी, तिची तारीख आणि आपली उधारी

कापडाच्या व्यापाऱ्याने सोयाबीनवर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण कुरुंदवाड, शिरोळ, जयसिंगपूर या भागात ज्याचे दुकान आहे, मग ते कापडाचे असो, भांड्यांचे असो, चपलांचे असो की शिलाईचे, त्याला हे नवल वाटणार नाही. नव्या हंगामातल्या उसाचे बिल दिवाळी उलटल्यावर हातात पडते. दिवाळीच्या तोंडावर खेड्यातल्या गिऱ्हाइकाच्या खिशात जो पैसा असतो तो बहुतेक सोयाबीनच्या पट्टीचा. जूनमध्ये बियाणे-खताला पैसे गेले की घर उधारीवर चालते. शाळेचे गणवेश, लग्नाचा आहेर, सणाचे कपडे असे सगळे खात्यावर चढते. म्हणजे सातबाऱ्यावर आपले नाव नसले तरी आपले भांडवल चार महिने त्या शेतात उभे असते. शिवाय आपल्यापैकी कित्येकांची एक-दोन एकर जमीन आहे किंवा कोणाची तरी वाट्याने केलेली आहे.

असे असूनही आपण गिऱ्हाइकाला विचारतो ते एवढेच, की यंदा पाऊस कसा आहे? पेरणी कोणत्या तारखेला केली हे कोणी विचारत नाही. माझ्या मते दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. सारखाच पाऊस झालेल्या एकाच गावात एकाचे सोयाबीन भरते आणि दुसऱ्याचे पोचट राहते, त्याच्या मागे बहुधा तारीख, जमिनीची खोली आणि वाण या तीन गोष्टींचा मेळ असतो. पाऊस आपल्या हातात नाही, जमीन आहे तीच राहणार. तारीख आणि वाण मात्र माणसाच्या हातात आहेत.

प्रथम पाण्याचा हिशेब पाहू. तो आपल्या गोदामाच्या हिशेबासारखाच आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी. १०० मिलिमीटर पडला तर ४ लाख लिटर. यातले काही वाहून जाते, काही उन्हाने उडते, उरलेले जमीन साठवून ठेवते. साधारण तीन फूट खोल काळी जमीन पिकाला उपयोगी पडेल असे दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाणी धरते. माळाची मुरमाड, फूटभर खोलीची जमीन तीस-चाळीस मिलिमीटरच धरू शकते. आता खर्चाची बाजू. रोप लहान असताना पाणी थोडे लागते, पण पाने एकमेकांना भिडून रान झाकले गेले की उघडिपीच्या दिवसात रोज पाच मिलिमीटरच्या आसपास पाणी खर्ची पडते. म्हणजे एकराला रोज २०,००० लिटर, दहा हजारी टँकर धरला तर दोन टँकर. पाऊस थांबला तर भरलेली काळी जमीन महिनाभर कशीबशी निभावून नेते आणि माळाचे गोदाम आठवड्यात रिकामे होते. हे आकडे ढोबळ आहेत, पण उधारी देताना गिऱ्हाईक माळावरचे की काळ्या रानातले हे पाहायला तेवढे पुरेत.

दुसरी गोष्ट अशी, की पिकाला सगळे दिवस सारखे नसतात. सोयाबीन पेरल्यापासून पस्तीस-चाळीस दिवसांनी फुलावर येते. मग शेंगा धरतात आणि त्यानंतर दाणा भरू लागतो. फुलाआधी आठ-दहा दिवसांची ओढ बसली तर झाड खुजे राहते, पण पाऊस आला की बरेचसे सावरते. फुलावर ताण बसला तर फुले गळतात. तरी सोयाबीन एकदम फुलत नाही, टप्प्याटप्प्याने फुलते, म्हणून मागून आलेल्या फुलांवर थोडी भरपाई होऊ शकते. शेंगा लागून दाणा भरण्याच्या वेळी पाणी तुटले तर मात्र इलाज नाही. दाणा बारीक राहतो, वजन जाते, आणि नंतर कितीही पाऊस झाला तरी ते परत येत नाही. इचलकरंजीच्या मागावर सूत तुटले तर गाठ मारता येते, पण कापडच कमी विणले गेले तर ते ओढून लांब होत नाही. तसेच हे आहे.

तेव्हा पेरणीची तारीख ठरवणे याचा अर्थ, दाणा भरण्याचे ते तीन-चार आठवडे कोणत्या दिवसांत पडतील हे ठरवणे. मोजणी पुढून मागे करायची. गंमत म्हणजे आपल्या शब्दांतच हा हिशेब आहे. खरीफ हा अरबी शब्द, त्याचा अर्थ शरद ऋतू. रबी म्हणजे वसंत. आम्ही उर्दू शाळेत हे शिकलो तेव्हा प्रश्न पडे की पावसाळ्यात पेरलेल्या पिकाला शरदाचे नाव का? कारण हे नाव पेरणीवरून नव्हे, काढणीवरून पडले आहे.

हिजरी सालाचा शेतीला उपयोग नाही हे सर्वांना ठाऊक आहे. ते दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. रमजान ईद २०२३ मध्ये २२ एप्रिलला होती, २०२५ मध्ये ३१ मार्चला. म्हणून दख्खनच्या जुन्या राज्यकारभारात महसुलासाठी सुहूर सन चाले, ज्याला मृगसाल असेही म्हणत. आकडे अरबी, पण वर्ष सुरू व्हायचे सूर्य मृग नक्षत्रात शिरल्यावर, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर. आपल्याकडचा मुसलमान शेतकरीही पूर्वीपासून मृग, आर्द्रा, पुनर्वसू यांवरच पेरत आला आहे. मृग ७-८ जूनला लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला आणि पुष्य १९-२० जुलैला. सोयाबीनच्या पेरणीचा सारा प्रश्न या चार नक्षत्रांत आहे.

आता आपल्या भागाचा पाऊस. कोल्हापूर जिल्हा म्हटले की बाहेरच्या माणसाला धो-धो पाऊस आठवतो. तो गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे. सह्याद्रीपासून पूर्वेला यावे तसा पाऊस घटत जातो आणि शिरोळ तालुका जिल्ह्यातल्या सर्वांत कमी पावसाच्या भागात मोडतो. आमच्याकडे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथे नदी दुथडी भरून वाहत असते आणि दोन-तीन मैलांवरच्या माळावर ढेकूळ फुटत नाही, असे चित्र कितीदा दिसते. नदीचे पाणी पश्चिमेच्या पावसाचे असते, आमचा पाऊस वेगळा. शिरोळ-मिरज पट्ट्यात जूनमध्ये सरी येतात, जुलैत झिमझिम होते, ऑगस्टमध्ये पुष्कळदा मोठी उघडीप पडते आणि सप्टेंबरात, ऑक्टोबरच्या सुरुवातीस परतीचा पाऊस चांगला होतो. दरवर्षी असेच घडते असे नाही, पण नियोजन करायचे तर हाच कल धरून करावे लागते.

या कलावर तारखा मांडून पाहा. जेएस ३३५ हे जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचे १९९४ चे वाण आपल्याकडे पुष्कळ वर्षे चालले, ते ९५ ते १०० दिवसांत येते. माळावर पहिल्या पावसात १५ जूनला ते पेरले तर २०-२५ जुलैला फुलेल आणि दाणा भरण्याचा काळ सुमारे ९ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर येईल, म्हणजे नेमका उघडिपीच्या महिन्यात. ज्याच्या विहिरीला पाणी आहे किंवा नदीवरून उपसा आहे त्याला याची भीती नाही. त्याने जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ओल करून पेरावे, ऑगस्टमध्ये एक-दोन पाणी द्यावे. सप्टेंबरात रान मोकळे होते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पूर्वहंगामी ऊस वेळेवर लागतो. पण कोरडवाहू माणसाने शेजारच्या बागायतदाराची तारीख पाहून पेरणी करू नये. दोघांचे गोदाम वेगळे, दोघांची तारीखही वेगळी.

कोरडवाहूसाठी हिशेब असा बसतो. सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज येथे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे, कुरुंदवाडपासून फार लांब नाही. तिथे तयार झालेले फुले संगम हे वाण १०५ ते ११० दिवसांचे. ते आर्द्रा लागता लागता, २० जूनच्या सुमारास, काळ्या रानात पेरले तर दाणा साधारण २४ ऑगस्टपासून २३ सप्टेंबरपर्यंत भरेल. उलट जेएस ९३-०५ हे ८५ ते ९० दिवसांचे हळवे वाण पुनर्वसूच्या सुरुवातीस, ५ जुलैला पेरले तर त्याचाही दाणा २४ ऑगस्टच्या आसपास भरू लागेल आणि १८ सप्टेंबरपर्यंत आटोपेल. म्हणजे पंधरा दिवसांच्या अंतराने पेरलेली दोन शेते एकाच पावसाखाली येतात. लवकर पेरणी असेल तर मुदतीला लांब वाण, उशीर झाला तर मुदतीला आखूड वाण. हा मेळ ज्याला कळला त्याला पाऊस दहा दिवस उशिरा आला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. चूक होते ती अशी, की बियाणे मे महिन्यातच घेऊन ठेवलेले असते आणि पाऊस जुलैत आला तरी तेच लांब मुदतीचे बियाणे रानात पडते.

२०२३ चे साल या बाबतीत पाठ्यपुस्तकासारखे आहे. त्या वर्षी मोसमी पाऊस केरळात ८ जूनला आला आणि मुंबईला २५ जून उजाडला. कोरडवाहू पेरण्या जूनअखेर आणि जुलैत झाल्या. जुलैत पाऊस बरा झाला आणि मग ऑगस्ट कोरडा गेला. देशात त्या महिन्यात सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी पडला. १९०१ पासूनच्या नोंदीत इतका कोरडा ऑगस्ट नव्हता. १ जुलैला पेरलेले जेएस ३३५ घेतले तर ५ ते १० ऑगस्टला फूल, म्हणजे फुले आणि कोवळ्या शेंगा ऐन ओढीत. खोल काळ्या रानात जुलैचे पाणी साठलेले होते, तिथे पीक तग धरू शकत होते आणि सप्टेंबरच्या पावसाने दाणा भरण्याची आशा होती. माळावर आठवड्या-दोन आठवड्यांत गोदाम रिकामे, मग फुलगळ होणारच. तारखेने सगळे वाचते असे मी म्हणत नाही. पातळ जमिनीला तारखेच्या जोडीला एक संरक्षक पाणी हवेच, आणि ते एकच मिळणार असेल तर शेंगा भरताना द्यावे, आधी नाही. तुषार संच भाड्याने आणून दिले तरी ते पाणी फुकट जात नाही.

हा विचार फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत मिसिसिपी, अर्कान्सा, लुइझियाना या राज्यांत पूर्वी मे-जूनमध्ये लांब मुदतीचे सोयाबीन पेरत. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये कडक उन्हाळा आणि कोरड असते, नेमका तेव्हाच दाणा भरायचा आणि पीक मार खायचे. मिसिसिपीतील स्टोनव्हिल व इतर केंद्रांवरच्या प्रयोगांनंतर गेल्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत तिथल्या शेतकऱ्यांनी पेरणी एप्रिलमध्ये ओढली आणि आखूड मुदतीची वाणे घेतली. कोरड सुरू होण्यापूर्वीच पीक पुष्कळसे भरून मोकळे होऊ लागले. त्यांची तारीख आपल्याला उपयोगाची नाही, कारण आपल्याकडे एप्रिलमध्ये रानात धूळ असते. उपयोगाची आहे ती पद्धत. त्यांनी दुष्काळाचे दिवस आधी ओळखले आणि तारीख त्यांच्यापासून दूर नेली.

मग आणखी उशिरा, जुलैअखेर पेरले तर सप्टेंबर-ऑक्टोबरचा सगळा पाऊस मिळेल, असे कोणी म्हणेल. ते साधत नाही. सोयाबीन हे दिवसाच्या लांबीवर चालणारे पीक आहे. २१ जूननंतर दिवस लहान होऊ लागतो आणि झाड त्या इशाऱ्यावर फुलते. उशिरा पेरलेले झाड वाढ पुरी होण्याआधीच फुलावर येते, फांद्या कमी, शेंगा कमी. त्यात कृष्णाकाठच्या या पट्ट्यात तांबेरा रोगाचा उपद्रव आहे आणि उशिराचे पीक त्यात जास्त सापडते. डिग्रजच्या केंद्राने फुले अग्रणी, फुले संगम अशी वाणे तांबेऱ्याला तोंड देण्याच्या दृष्टीने काढली ती याच कारणाने. म्हणून १५ जुलैनंतर सोयाबीनचा नाद सोडावा. मी तर माळासाठी पुनर्वसूच्या पहिल्या चार-पाच दिवसांपलीकडे जाऊ नये असेच म्हणेन.

घाईची बाजूही तितकीच महाग पडते. पेरणीपूर्वी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हावा ही शिफारस शेतकऱ्याला ठाऊक असते, पण एक जोराची सर आली आणि शेजाऱ्याची पाभर चालू झाली की धीर राहत नाही. वीस-पंचवीस मिलिमीटरच्या ओलीवर पेरलेले बी फुगते, मोड येतो आणि वरून ऊन पडले की वाळते. मग दुबार पेरणी. एकरी तीस किलोच्या आसपास बियाणे लागते, ते दुसऱ्यांदा विकत घ्यायचे पैसे येतात कोठून? दुकानदाराच्या उधारीतून किंवा व्याजाने. साधी कसोटी अशी, की चार-पाच इंच खालची माती मुठीत दाबावी, गोळा झाला आणि टिकला तर ओल आहे. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला, मुंबईत इतक्या लवकर आल्याची नोंद नव्हती. लोकांना वाटले पेरणीही मेमध्ये करावी. पण मेमध्ये आलेला पाऊस जूनभर टिकेलच असे नाही, शिवाय वाफसा न आल्याने मशागती अडल्या. लवकर आलेल्या पावसाने पंचांग बदलत नाही, दिवसाची लांबीही बदलत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर शिरोळचे वाचक हसतील. नदीकाठच्या मळीच्या जमिनीत प्रश्न पाणी कमी पडण्याचा नसून जास्त होण्याचा आहे. २००५ आणि २०१९ ला ऑगस्टच्या आगेमागे, २०२१ ला जुलैअखेर महापूर आला तेव्हा कुरुंदवाडला पाण्याने वेढा दिला होता. सोयाबीन आठवडाभर पाण्याखाली राहिले तर कोणत्याही तारखेचे असो, जगत नाही. पूररेषेतल्या रानात ते घेण्यापेक्षा ऊसच बरा, आणि अशा रानाच्या भरवशावर मोठी उधारी देऊ नये हे माझे मत.

कारागीर बंधूंसाठी यात वेगळा मुद्दा आहे. लोहार, वेल्डर, यंत्रदुरुस्ती करणारे यांच्याकडे पेरणी यंत्रे येतात ती ऐन पावसाच्या तोंडावर, सगळी एकदम. यंत्राचा फाळ खोल गेला तर सोयाबीन उगवत नाही, तीन ते पाच सेंटिमीटरच बी पडले पाहिजे. ही खोली नीट बसवून देणारा कारागीर गिऱ्हाइकाचे दुबार बियाणे वाचवतो. रुंद वरंबा सरी पद्धतीची यंत्रे, ज्यांना बीबीएफ म्हणतात, ती आता ट्रॅक्टरवर चालतात. वरंब्यावर पेरणी, दोन्ही बाजूंना सरी. पाऊस कमी झाला तर सरीत पाणी मुरते, जास्त झाला तर सरीतून निघून जाते. दोन्ही संकटांत थोडा आधार. कोरडवाहू शेतकऱ्याला ती भाड्याने मिळतील अशी तजवीज आपल्या कारखानदारांनी केली तर एप्रिल-मेचा रिकामा काळही कामाचा होईल.

आता परत आपल्या खात्याकडे. दिवाळी २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होती, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला, २०२६ मध्ये अधिक मासामुळे ८ नोव्हेंबरला. म्हणजे सण तीन आठवडे इकडे-तिकडे होतो, पीक मात्र आपल्या दिवसांनीच येते. ५ जुलैला पेरलेले १०५ दिवसांचे सोयाबीन १८ ऑक्टोबरला कापणीला येईल. त्यानंतर मळणी, वाळवण, बाजार. दिवाळी २१ ऑक्टोबरला असेल तर तो शेतकरी सणाआधी पैसे देऊच शकत नाही, आणि देण्यासाठी ओलेच सोयाबीन जयसिंगपूर-सांगलीला नेले तर ओलाव्याची कपात बसून त्याची पट्टी घटते. आपण तगादा लावून त्याचेही नुकसान करतो आणि पुढच्या हंगामातल्या आपल्या विक्रीचेही.

म्हणून मी खात्यावर गिऱ्हाइकाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहून घेतो: पेरणीची तारीख, वाण आणि जमीन माळाची की काळी. फेडीची मुदत दिवाळी अशी न लिहिता पेरणीपासून १२५ दिवस अशी धरतो. २० जूनच्या पेरणीला ती २३ ऑक्टोबर येते, ५ जुलैच्या पेरणीला ७ नोव्हेंबर. इचलकरंजीला दिवाळीच्या मालाची मागणी नोंदवायची असते ऑगस्टअखेर, तेव्हा ही वही उघडून पाहतो. माळावरची खाती जास्त असतील, त्यांची पेरणी मृगातली असेल आणि ऑगस्टमध्ये पंधरा दिवस आभाळ कोरडे गेले असेल, तर भारी साड्यांचे गठ्ठे कमी करतो आणि परकर, लुंगी, शाळेचे कापड असा रोजचा माल तेवढाच ठेवतो. काळ्या रानातली खाती असतील आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला, तर दुसरी मागणी तेव्हाही फोनवरून वाढवता येते.